दोन जुनी इंजिनं की एक नवं? हौशी बोट घेताना भरवसा कशावर ठेवायचा

नेहमीप्रमाणे ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन. बोलताना दोनदा आलेलं एकदाच ठेवलंय आणि आकडेमोड नीट मांडलीये. बाकी जसं बोललो तसंच.

या वेळचा प्रश्न दापोलीजवळच्या एका श्रोत्याचा. घरची पाच-सहा माणसं घेऊन सुटीच्या दिवशी हर्णैहून निघायचं, सुवर्णदुर्गाच्या आसपास फिरायचं, थोडा गळ टाकायचा, कधी दक्षिणेला दाभोळपर्यंत जाऊन यायचं. धंदा नाही, निव्वळ हौस. त्यांच्यासमोर दोन बोटी आहेत. एक २२ फुटी सेकंड-हँड, मागे दोन जुनी टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिनं. दुसरी १८ फुटी नवी, मागे ६० एचपीचं एकच फोर-स्ट्रोक. किंमत जवळपास सारखी. त्यांनी लिहिलंय, "एक बंद पडलं तर दुसरं आहेच, म्हणजे दोन इंजिनंवाली जास्त भरवशाची ना?"

प्रश्न साधा वाटतो, पण बोटीत आई-वडील आणि मुलं बसणार आहेत. गाडी बंद पडली तर बाजूला लावून चहा पिता येतो. खाडीच्या तोंडाशी लाटा फुटत असताना इंजिन बंद पडलं तर बोट जागेवर थांबत नाही, आडवी होते आणि वारा नेईल तिकडे जाते. त्यामुळे "भरवशाची" या शब्दाचा अर्थ आधी नीट लावूया.

दोन म्हणजे दुप्पट नव्हे

माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं. आमच्याकडे एक सर्व्हर पडला तर दुसरा तयार ठेवतात. पण दोन्ही सर्व्हर एकाच वीजजोडणीवर असतील तर दुसरा ठेवून काही मिळालेलं नसतं. बोटीचंही तेच आहे.

हिशोबापुरते आकडे मानूया. समजा नवं, नीट सांभाळलेलं इंजिन १०० फेऱ्यांत एकदा दगा देतं आणि जुनं, कसंबसं चालवलेलं इंजिन १०० फेऱ्यांत १० वेळा. एका नव्या इंजिनाच्या बोटीत अडकण्याची शक्यता झाली शंभरात एक. आता दोन जुनी इंजिनं घ्या. दोन्ही एकाच फेरीत बंद पडायची शक्यता एक दशांश गुणिले एक दशांश, म्हणजे शंभरात एक. तेवढीच! आणि दोघांपैकी एक तरी बंद पडायची शक्यता शंभरात १९. म्हणजे जवळजवळ दर पाचव्या फेरीला काहीतरी कुरकुर.

"पण एक तरी चालू राहील ना?" हो, राहील. पण वेगात जाणारी बोट पाण्यावर उचलली जाते आणि पाणी कापण्याऐवजी त्यावरून घसरत जाते. दोनपैकी एकाच इंजिनावर बहुतेक बोटी तशा उचलल्या जात नाहीत. पोट पाण्यात बुडवून पाच-सहा नॉटने चालतात. हर्णै ते दाभोळ समुद्रमार्गे साधारण २५ किलोमीटर. २० नॉटला पाऊण तासाच्या आत होणारं अंतर ६ नॉटला सव्वादोन तास घेतं. दुपारनंतर आपल्या किनाऱ्यावर वायव्येकडून वारा वाढतो, आणि दाभोळहून परतताना तो जवळपास समोरूनच येतो. हे सव्वादोन तास लहान मुलांसकट कसे जातील याचा अंदाज करा.

शिवाय वरचा गुणाकार तेव्हाच खरा, जेव्हा दोन इंजिनं एकमेकांवर अवलंबून नसतात. जुन्या बोटीत दोघांना पेट्रोल एकाच टाकीतून येतं, बॅटरी एकच असते आणि दोघांचे रबरी भाग एकाच दिवशी बसवलेले असतात. टाकीत पाणी गेलं की दोन्ही एका मिनिटाच्या फरकाने थांबतात.

तेव्हा माझं उत्तर आत्ताच सांगतो: १८ फुटी, एका नव्या इंजिनाची घ्या. पण काही अटींवर.

पहिली अट: बूड बघा, रंग नंतर

बोट मागून, जमिनीवर बसून बघा. तिचं बूड सपाट आहे की इंग्रजी व्ही अक्षरासारखं? या उताराच्या कोनाला डेडराइज म्हणतात. सपाट बूड कमी ताकदीत धावतं आणि उभं असताना डुलत नाही, पण लाटेवर आपटतं. खोल व्ही, म्हणजे मागच्या टोकालाही २१ ते २४ अंशांचा कोन, लाट कापतो, पण त्याला ताकद जास्त लागते आणि थांबल्यावर बोट हलते.

खोल व्हीचं नाव झालं ते १९६० च्या मियामी ते नासाऊ शर्यतीत. रे हंट यांनी आखलेली 'मोपी' नावाची ३१ फुटी बोट डिक बर्ट्राम यांनी खवळलेल्या समुद्रात पळवली आणि जिंकली. पुढे तिच्यावरूनच बर्ट्राम ३१ हे मॉडेल निघालं. पण शर्यतीची बोट आणि रविवारची बोट वेगळी. खाडीत आणि किनाऱ्यालगत, दुपारच्या आत परतायचं असेल तर मागे १६ ते २० अंशांचा मधला कोन पुरतो. फक्त खाडीतच फिरणार असाल तर त्याहून सपाटही चालेल.

दुसरं, बोटीत पाणी भरलं तर ती तरंगते का? रे हंट यांच्याच हातची आणखी एक बोट म्हणजे १९५८ मध्ये आलेली बॉस्टन व्हेलर. दोन फायबरच्या थरांमध्ये फोम भरलेली. कंपनीने ती करवतीने अर्धी कापून, तरंगणाऱ्या अर्ध्या भागातून माणूस पुढे जाताना दाखवला होता. अमेरिकेत २० फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटींना पाणी भरल्यावरही तरंगतील एवढा फोम असावा असा नियम आहे. विक्रेत्याला थेट विचारा: "पाणी भरलं तर बोट आडवी तरंगेल की फक्त टोक वर राहील?" उत्तर लेखी घ्या.

दुसरी अट: इंजिन बोटीला बसायला हवं

बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीला ट्रान्सम म्हणतात. इंजिन तिथे अडकतं. ट्रान्समची उंची आणि इंजिनाच्या दांड्याची लांबी जुळली पाहिजे. ठरलेली मापं १५, २० आणि २५ इंच. दांडा आखूड पडला तर वळणावर आणि लाटेवर पंखा हवा खातो, इंजिन ओरडतं आणि बोट पुढे जात नाही. लांब झाला तर उगाच पाणी ओढत बसतं.

ताकदीचं म्हणाल तर बोट बनवणाऱ्याने जास्तीत जास्त एचपी ठरवून दिलेली असते. त्याच्या वर जायचं नाही. पण फार खालीही जाऊ नका. पैसे वाचवायला ३० एचपी लावलं आणि सहा माणसं बसवली तर ते इंजिन आयुष्यभर फुल थ्रॉटलवर राबेल. कमाल मर्यादेच्या पाऊण ते पूर्ण यामधलं इंजिन घ्या आणि दोन तृतीयांश थ्रॉटलवर चालवा.

पंख्याकडे तर कोणी बघतच नाही. प्रत्येक इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये फुल थ्रॉटलला किती आरपीएम यायला हवेत त्याचा पल्ला दिलेला असतो. समजा ५००० ते ६०००. तुमची सगळी माणसं आणि भरलेली टाकी घेऊन ४५०० च्या वर जात नसेल, तर पंख्याचा पिच जास्त आहे. कुंभार्ली घाट चौथ्या गिअरमध्ये चढवल्यासारखं. गाडी चढेल, पण इंजिन आतून मार खातं. पिच एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. इंजिनाचं आयुष्य वाढवणारी इतकी स्वस्त दुरुस्ती दुसरी नाही.

तिसरी अट: मेकॅनिक किती लांब?

कुठल्या कंपनीचं इंजिन चांगलं यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. यामाहा, सुझुकी, होंडा, मर्क्युरी, चौघांचीही फोर-स्ट्रोक इंजिनं जगभर चालतात. माझ्या मते खरा प्रश्न आहे तो वेगळाच: ऑक्टोबरमध्ये पंप बिघडला तर त्याचा भाग किती दिवसांत येतो, आणि तो बसवणारा माणूस तुमच्या बंदरापासून किती तासांवर आहे?

एव्हिनरूड हे आउटबोर्डमधलं शंभर वर्षांहून जुनं नाव. २०२० मध्ये बीआरपी कंपनीने त्याचं उत्पादनच थांबवलं. इंजिनं वाईट नव्हती. पण उत्पादन थांबलं की सुटे भाग आणि ते इंजिन ओळखणारे हात हळूहळू कमी होतात. म्हणून विकत घेण्याआधी एक सकाळ बंदरावर घालवा. मासेमारीच्या छोट्या होड्यांवर आणि पाणखेळवाल्यांच्या बोटींवर कुठली इंजिनं आहेत ते मोजा. त्यांना विचारा, "बंद पडलं की कोणाला बोलावता?" ज्या माणसाचं नाव तिघांनी घेतलं त्याला जाऊन भेटा आणि त्याच्या हाताला सवय असलेलं इंजिन घ्या.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? साधं कार्ब्युरेटरवालं टू-स्ट्रोक हलकं असतं आणि किनाऱ्यावर कुठेही उघडून दुरुस्त होतं. म्हणून कामाच्या होड्यांवर ते टिकून आहे. त्यात पेट्रोलबरोबर ऑइल जळतं, खर्च आणि धूर दोन्ही जास्त. हौशी माणूस महिन्यातून दोनदा बोट काढणार. त्याला कमी पेट्रोल खाणारं, कमी आवाजाचं, सहज चालू होणारं फोर-स्ट्रोक सोयीचं. फक्त त्याला वेळेवर ऑइल बदलून लागतं. बहुतेक कंपन्या दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा सांगतात, यातलं जे आधी येईल ते.

चौथी अट: पेट्रोल

पंपावर मिळणारं पेट्रोल आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं असतं. आउटबोर्डच्या बऱ्याच मॅन्युअलमध्ये इथेनॉलची मर्यादा १० टक्के लिहिलेली आहे. त्यामुळे पैसे देण्याआधी तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल उघडून ते पान विक्रेत्यासमोर ठेवा आणि ई-२० वर वॉरंटी राहते का ते लेखी घ्या. फोनवरचं "काही होत नाही हो" हे उत्तर नाही.

इथेनॉल हवेतली ओल शोषतं. आपल्या किनाऱ्यावर ओल किती ते सांगायला नको. अर्धवट भरलेली टाकी महिनोन्‌महिने तशीच राहिली की पाणी साठत जातं, आणि प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं. इंजिनाची नळी नेमकी तळातून पेट्रोल ओढते. जुन्या रबरी नळ्याही इथेनॉलने मऊ पडतात. उपाय तीन: टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर, इथेनॉल चालणाऱ्या नळ्या, आणि जेवढं लागेल तेवढंच ताजं पेट्रोल.

किती लागेल? ढोबळ नियम असा की फोर-स्ट्रोक इंजिन फुल थ्रॉटलला तासाला एचपीच्या दहाव्या भागाइतके अमेरिकन गॅलन पितं. ६० एचपी म्हणजे ६ गॅलन, साधारण २३ लिटर. मध्यम वेगाला त्याच्या निम्मं धरा, १२ लिटर. हर्णै-दाभोळ पाऊण तास म्हणजे ९ लिटर, येऊन-जाऊन १८. आता बोटवाल्यांचा जुना नियम लावा: एक भाग जायला, एक यायला, एक शिल्लक. म्हणजे निघताना टाकीत किमान २७ लिटर. वारा समोरून असेल तर शिल्लक भागच तुम्हाला घरी आणतो.

पाचवी अट: इंजिन बंद पडेल असं धरूनच निघा

एका इंजिनाची बोट घेताय म्हणजे दुसरी सोय हवी. पण ती खरोखर वेगळी हवी. ट्रान्समच्या बाजूला ५-६ एचपीचं छोटं आउटबोर्ड लावता येतं. त्याची टाकी त्याच्या डोक्यावरच असते आणि ते दोरी ओढून चालू होतं. म्हणजे पेट्रोल वेगळं आणि बॅटरी लागतच नाही. चार-पाच नॉटने का होईना, किनारा गाठता येतो. माझ्या लेखी एक नवं मोठं आणि एक असं छोटं ही जोडी, एकाच टाकीवरच्या दोन जुन्या इंजिनांपेक्षा कितीतरी भक्कम. मात्र ते दर फेरीला पाच मिनिटं चालवून बघायचं, नाहीतर गरजेच्या दिवशी तेही रुसतं.

त्याआधी नांगर. इंजिन थांबलं आणि वारा किनाऱ्याकडे ढकलतोय, तर झाकण उघडून बघण्याआधी नांगर टाकायचा. दोर पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट. पाच मीटर पाण्यात ३५ मीटर दोर हाताशी हवा.

लाइफ जॅकेट बाकाखाली नाही, अंगावर. मुलांना मुलांच्या मापाचं. चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला इंजिन बंद करणारी लाल दोरी अडकवलेली, म्हणजे तो पाण्यात पडला तर इंजिन तिथेच थांबतं. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटींत ही दोरी लावणं कायद्याने सक्तीचं आहे. आपण कायद्याची वाट का बघायची? व्हीएचएफ रेडिओ असेल तर वाहिनी १६, आणि फोनमध्ये तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर.

सहावी अट: चाचणी घेतल्याशिवाय पैसे नाहीत

नवी असो वा जुनी, बोट पाण्यात घालून बघायची. पोहोचल्या पोहोचल्या इंजिनावर हात ठेवा. ते गरम असेल तर विक्रेत्याने आधीच चालू करून ठेवलंय. गार इंजिन कसं चालू होतं तेच तर बघायचं असतं. मग मागून पाण्याची बारीक धार जोरात पडते का ते पाहा. ती धार म्हणजे थंड करणारं पाणी फिरतंय याची खूण. ती बारीक झाली की बहुतेकदा इम्पेलर, म्हणजे पंपातली रबरी चक्री, थकलेली असते किंवा वाटेत कचरा अडकलेला असतो.

सेकंड-हँडच परवडत असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी जास्तीच्या. खालच्या गिअरचं ऑइल थोडं काढून बघा, ते दुधासारखं पांढरट दिसलं तर सील गेलंय आणि पाणी आत येतंय. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायला लावा, एकमेकांत १० टक्क्यांहून जास्त फरक नको. इंजिन तिरकं उचलून त्याचा खालचा भाग जोराने खाली-वर करा, ट्रान्सम हलताना दिसला किंवा भेगा उघडल्या तर आतलं प्लायवूड कुजलंय. लहान हातोडीने ठोकत जा: टणक आवाज ठीक, भदभद आवाज आला तिथे थांबा. आणि इंजिन ईएफआयचं असेल तर मेकॅनिकला लॅपटॉप जोडायला सांगा. बऱ्याच इंजिनांचा संगणक एकूण किती तास चाललं, कुठल्या आरपीएमला किती तास, कुठल्या तक्रारी नोंदल्या, हे सगळं सांगतो. विक्रेता "फार वापरली नाही" म्हणतो, पण ही नोंद कोणाच्या बाजूने बोलत नाही.

चाचणी मोकळ्या पाण्यात, इतर बोटींपासून लांब आणि सगळ्यांनी जॅकेट घालूनच. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट ताबा सुटून 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि डझनाहून जास्त माणसं गेली. इंजिनात बिघाड झाल्यामुळे ताबा सुटला, असं नौदलाने तेव्हा सांगितलं. प्रशिक्षित माणसांच्या हातात हे होऊ शकतं, तर आपण जास्तच अंतर ठेवायचं. त्याचबरोबर नोंदणी आणि तपासणीचं काय लागतं ते महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात आधीच विचारा, आणि विमा घ्या.

घेतल्यानंतर

भरवसा विकत मिळतो तो पहिल्या दिवसापुरता. पुढे तो दर फेरीनंतरच्या १५ मिनिटांत टिकतो. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने इंजिन आतून धुवायचं, नाहीतर मिठाची पुटं पाण्याच्या वाटा बुजवतात. गंज स्वतःवर घेणारे धातूचे तुकडे, म्हणजे अ‍ॅनोड, निम्मे झिजले की बदलायचे, आणि त्यांना रंग द्यायचा नाही.

आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने बोट वर काढलेली असते. इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल बोट वर काढतानाच बदला, ऑक्टोबरमध्ये नाही, कारण जुन्या ऑइलमधली ओल आणि आम्ल चार महिने आत राहून धातू खातात. टाकी रिकामी करा, बॅटरी काढून घरी आणा, इंजिन उभं ठेवा म्हणजे आतलं पाणी निथळून जाईल. इम्पेलर मेकॅनिकच्या सल्ल्याने बदला आणि एक जास्तीचा घरात ठेवा. सीझनची पहिली फेरी खाडीच्या आतच, घरच्यांशिवाय, अर्धा तास मारा.

दापोलीच्या मित्रा, १८ फुटीच्या किमतीत छोटं इंजिन, फिल्टर, नांगर, रेडिओ आणि सहा जॅकेटं धरून बजेट मांड. ते बसत नसेल तर एक सीझन थांब, पण यातलं काही गाळून बोट घेऊ नकोस. पुढच्या भागात भरती-ओहोटीचं कोष्टक कसं वाचायचं आणि उधाण-भांगाचा खाडीच्या तोंडावर काय परिणाम होतो ते बघू. प्रश्न पाठवत राहा. भेटूया.